होतकरूंच्या गावी चार दिवस

मामा जूनमध्ये दादरहून आमच्याकडे एडिसनला आले, तेव्हा त्यांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी एक कोरं स्कोअरबुक होतं. बँकेतली नोकरी सांभाळून तीस वर्षं त्यांनी शनिवार-रविवार मैदानावर काढले, आधी स्कोअरर म्हणून आणि मग अंपायर म्हणून. कांगा लीगचे भर पावसाळ्यातले सामने, ओली खेळपट्टी, गळका तंबू आणि मांडीवर ती लांबट वही, यातच त्यांचा जीव. "अमेरिकेत वही कशाला आणलीत?" मी विचारलं. म्हणाले, "पोरं कुठेतरी खेळत असतीलच की. पोरं खेळत असली की कुणीतरी लिहायला लागतं."

माझ्या बेसबॉलच्या नादाबद्दल त्यांनी फोनवर ऐकलं होतं. २००३ साली मी न्यू जर्सीत नवा आलो, त्या उन्हाळ्यात ऑफिसातला एक सहकारी मला लेकवूडला घेऊन गेला. तिथे एकोणीस वर्षांचा एक सडपातळ डावखुरा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बॉलर, टाकत होता. खेळ मला नवीन होता, पण समोरच्याला चेंडू दिसतच नाहीये एवढं गवतावर बसूनही कळत होतं. त्याचं नाव कोल हॅमल्स. २००८ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज ह्या संघानं वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगची अंतिम मालिका, जिंकली, तेव्हा मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्या रात्री टीव्हीपुढे बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. ह्या पोराला मी लेकवूडमध्ये पाहिलं होतं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी मायनर लीगच्या, म्हणजे मोठ्या क्लबांच्या खालच्या संघांतल्या, पोरांचा माग ठेवतो. इकडे त्यांना 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, होतकरू.

वाचकांसाठी थोडं सांगतो. मेजर लीगमध्ये ३० क्लब आणि प्रत्येकाचे २६ खेळाडू, म्हणजे सगळ्या मिळून ७८० जागा. प्रत्येक क्लबच्या खाली चार संघांची शिडी असते: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. दरवर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे क्लबांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडण्याच्या, २० फेऱ्यांत सहाशेवर पोरं या शिडीला लागतात, शिवाय डोमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, पनामा इथून सोळा वर्षांची मुलं करार करून येतात ती वेगळी. जागा मात्र तेवढ्याच. फिलीजची सगळ्यांत खालची पायरी फ्लोरिडात क्लिअरवॉटरला आहे, पण वरच्या तिन्ही पायऱ्या, लेकवूड, रेडिंग आणि ॲलनटाउन, आमच्या घरापासून दोन तासांच्या आत. अख्खी शिडी चार दिवसांत चढायची आणि रविवारी फिलाडेल्फियाच्या मोठ्या मैदानावर शेवट करायचा, असा बेत मी मामांसाठी आखला.

बेतामागे आणखी एक कारण होतं. दोन वर्षांपासून मी एका पोराला पाहतोय. व्हेनेझुएलाचा आहे, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभा राहतो, उजव्या हातानं बॅटिंग करतो. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तो वीस वर्षांचा आहे, शिकतोय, आणि शिकणाऱ्याच्या चुका नावानिशी छापणं मला बरं वाटत नाही. त्याला आपण 'पोरगा'च म्हणू.

गुरुवार, लेकवूड

दुपारी गार्डन स्टेट पार्कवेनं निघालो. बायकोनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ताकाची बाटली दिली होती. मैदानात बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणून पार्किंगमध्येच गाडीच्या डिकीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही जेवलो. समुद्र तिथून लांब आहे, तरी वाऱ्याला खारा वास होता.

लेकवूडचं मैदान २००१ मधलं. आउटफिल्डच्या मागे गवताचा उतार आहे, पोरंटोरं तिथे चादरी टाकून बसतात. आत शिरल्यावर मी आधी भिंतीवर लावलेली दोन्ही संघांची यादी गाठतो. गेली दोन वर्षं त्या यादीत पोराचं नाव दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या क्रमांकावर सापडायचं. आज वरून खाली, खालून वर वाचलं. नाव नव्हतं. पोटात गोळा आला. दुखापत? क्लबनं काढून टाकलं? तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकाला विचारलं, तर तो हसून अंगठा वर करत म्हणाला, "आज दुपारीच गेला. रेडिंगला."

म्हणजे डबल-ए. मला मुलीच्या दहावीच्या निकालाला झाला नसेल एवढा आनंद झाला. मामांनी पाठीवर थाप मारली. "उद्या आपण तिथेच जाणार ना? मग झालं तर. आज मला खेळ शिकव."

आमच्या जागा होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागे होत्या. पुढच्याच रांगेत संघाचा टी-शर्ट घातलेला एक उंच मुलगा बसला होता. हातात वेग मोजायची बंदूक, मांडीवर तक्ता. आज पाळी नसलेल्या पिचरला हे काम असतं: सोबत्याचा प्रत्येक चेंडू कोणता, किती वेगाचा, कुठे पडला आणि त्याचं काय झालं ते टिपायचं. मामा एकटक त्याच्या पेन्सिलीकडे बघत होते. दोन इनिंगनंतर पुढे वाकून त्यांनी त्याला आपली वही दाखवली. मुलानं वही हातात घेतली, पानं उलटली. कांगा लीगच्या नमुन्यावर आखलेले चौकोन, निळी-लाल-हिरवी पेन्सिल, प्रत्येक बॉलरचा वेगळा रंग. दोघांना एकमेकांची भाषा फारशी कळत नव्हती, पण वही दोघांनाही कळत होती. मुलानं मामांना क्षेत्ररक्षकांचे आकडे लिहून दिले: पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, असं करत शॉर्टस्टॉप ६, सेंटर फील्ड ८. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून फर्स्ट बेसला फेकला आणि बॅटर बाद झाला, तर लिहायचं ६-३.

"आणि हा के कशाचा?" मामांनी विचारलं.

हे मला सांगायचंच होतं. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याच्या आकड्यांचा तक्ता, ज्यानं रुजवला तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, १८२४ चा जन्म, आणि न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत तो आधी क्रिकेटच्याच बातम्या द्यायचा. 'स्ट्रक' ह्या शब्दातलं शेवटचं अक्षर घेऊन त्यानं स्ट्राइकआउटसाठी, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्यासाठी, के ही खूण केली. बॅट न हलवता नुसता बघत बाद झाला, तर के उलटा काढायचा. मामांनी चश्मा काढून पुसला. "म्हणजे हा आपल्याच तंबूतला माणूस." मग जपून एक उलटा के काढला आणि खाली रेघ ओढली.

पाचव्या इनिंगला त्यांनी विचारलं, कुणी भारतीय इथवर आला होता का. दोघे आले होते. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशचे, दोघेही मूळचे भालाफेकपटू. २००८ मध्ये भारतभर झालेल्या एका वेगवान चेंडूफेकीच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांच्याशी करार केला. स्पर्धेआधी दोघांनी बेसबॉलचा चेंडू हातात घेतला नव्हता. रिंकू २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल-ए संघापर्यंत चढला. लेकवूडचा संघ तेव्हा त्याच लीगमध्ये होता. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कुणी पोचलं नाही. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खांदा भाल्याचा आणि बोटं चेंडूची. ती बोटं तयार करायला लहानपण लागतं रे." इतक्या वर्षांत मी या दोघांबद्दल पुष्कळ वाचलंय, इतकं नेमकं कुणी लिहिलेलं आठवत नाही.

रात्री घरी परत. मामांनी झोपण्यापूर्वी पेन्सिलींना टोक केलं.

शुक्रवार, रेडिंग

स्पेलिंगवर जाऊ नका, गावाचं नाव रेडिंग. ह्या गावाच्या नावाची रेल्वे एके काळी एवढी मोठी होती की अमेरिकी व्यापाराच्या खेळाच्या पाटावरही तिची जागा आहे. आज रेल्वेची ती शान नाही. मक्याची शेतं, धान्याच्या कोठ्या, मधूनच एखादी घोडागाडी, असं करत आपण गावात उतरतो. डोंगरावर एक लालभडक पॅगोडा दिसतो. १९०८ मध्ये बांधलेला, आजूबाजूच्या कशाशीच न जुळणारा, आणि गावाला जिवापाड प्रिय असलेला.

मैदान १९५१ चं. संघ १९६७ पासून फिलीजचाच. एवढं जुनं नातं मायनर लीगमध्ये फार थोडी गावं सांगू शकतील, कारण इथे जोड्या सतत बदलतात. २०२१ मध्ये तर मेजर लीगनं संलग्न संघ १६० वरून १२० वर आणले आणि कितीतरी गावांचा उन्हाळाच गेला. आमच्या शेजारचं ट्रेंटन त्यातलंच. तिथल्या नदीकाठच्या मैदानावर माझी मुलगी चालायला शिकली. त्याची कळ अजून जात नाही.

रेडिंगला मात्र जत्रा असते. प्रवेशद्वाराशी बँड, आत प्रेट्झेलचा खमंग वास, आणि पाचव्या इनिंगच्या सुमारास शहामृगावर बसल्याचं सोंग करून एक हॉट डॉगवाला धावत येतो आणि प्रेक्षकांत हॉट डॉग फेकतो. मामांनी एक झेलला. ते शाकाहारी, तो शेजारच्या मुलाला दिला. झेल मात्र वहीच्या कडेला नोंदवला.

इथलं मैदान बॅटरला धार्जिणं आहे, म्हणून इथल्या आकड्यांवर मी कधीच विसंबत नाही. २००४ मध्ये रायन हॉवर्डनं इथे ३७ होमरन (आपले षटकारच म्हणा) मारले आणि दोनच वर्षांनी तो मेजर लीगमध्ये ५८ मारून तिच्या दोन भागांपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो आकडा खरा निघाला. पण २०१६ ची गोष्ट ऐका. त्या उन्हाळ्यात रेडिंगच्या एकाच संघात दोघांची चढाओढ लागली होती. डिलन कोझन्सचे ४० होमरन, ऱ्हीस हॉस्किन्सचे ३८. गाव वेडं झालं होतं, मीही चार वेळा येऊन गेलो. हॉस्किन्स पुढच्याच वर्षी वर गेला, ५० सामन्यांत १८ होमरन मारले आणि पुढे वर्ल्ड सीरिज खेळला. कोझन्सच्या वाट्याला मेजर लीगचे तीसहून कमी सामने आणि एक होमरन आला. दोघांचे त्या वर्षीचे होमरन शेजारी ठेवले तर कोझन्सच उजवा दिसेल. फरक होमरनमध्ये नव्हता, स्ट्राइक झोनबाहेरच्या, म्हणजे प्लेटवरच्या ठरलेल्या चौकटीबाहेरच्या, चेंडूला दोघं काय करत होते त्यात होता. मला तो तेव्हा दिसला नाही. तेव्हापासून मी होमरन मोजणं सोडलं आणि प्रत्येक पोराच्या नावापुढे एकच गोष्ट लिहू लागलो: मागच्या खेपेपेक्षा आज वेगळं काय केलं.

यादीत पोराचं नाव नवव्या क्रमांकावर होतं. सरावाला तो बाहेर आला तेव्हा टोपी नवी कोरी दिसत होती, अजून वाक न बसलेली. लेकवूडला हा मुलगा हसतखिदळत असायचा. आज पुन्हा पुन्हा बूट झाडत होता.

बॅटिंगच्या पहिल्या पाळीत दोन फास्टबॉल आले, दोन्ही त्यानं मागे रेषेबाहेर मारले, म्हणजे फाउल, दोन स्ट्राइक. तिसरा चेंडू निघताना हुबेहूब तसाच दिसला आणि प्लेटजवळ येता येता बाहेरच्या बाजूला खाली घसरला. स्लायडर. बॅट चेंडूच्या वीतभर वरून फिरली. के. दुसऱ्या पाळीत पुन्हा तेच, के. झोनबाहेरचा चेंडू बॅटरनं सोडला की तो 'बॉल', आणि असे चार झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसला जातो. तिसऱ्या पाळीत तीन बॉल, दोन स्ट्राइक अशी गिनती असताना पिचरनं पुन्हा स्लायडरच टाकला. लेकवूडच्या पातळीवर अशा वेळी पिचर घाबरून सरळ चेंडू टाकतो. डबल-एचा पिचर घाबरत नाही. सगळे म्हणतात ते खरंच आहे, शिडीतली चढायला सगळ्यांत अवघड पायरी ही. पुन्हा के. आमच्या मागे बसलेल्या दोघांनी त्याला आवाज दिला. पोरगा मान खाली घालून डगआउटकडे गेला.

सामन्यानंतर आतषबाजी झाली. अख्खं मैदान वर बघत होतं आणि मामा वहीत. पोराच्या तीन चौकोनांत त्यांनी प्रत्येक चेंडूचा ठिपका काढला होता. "बघ," बोट ठेवत ते म्हणाले, "ह्याला तीन वेळा एकाच चेंडूनं मारलाय. हात चांगले आहेत, नजर चांगली आहे. सोडता येत नाही. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला आम्ही शिवाजी पार्कला पोरांना वर्षभर शिकवायचो. फटका सगळ्यांनाच मारता येतो."

मोटेलच्या खोलीत एसी रात्रभर खडखडत होता. मामांना झोप लागली नाही आणि मलाही. दोन वाजता त्यांनी अंधारातच विचारलं, "एकटाच राहत असेल का रे तो?" मी सांगितलं, २०२२ पासून क्लबांना पोरांच्या राहण्याची सोय करावी लागते. त्याआधी ही मुलं एका खोलीत सहा-सहा जण जमिनीवर गादी टाकून झोपायची. डबल-एचा किमान पगार वर्षाला १३,८०० डॉलर होता, २०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेनं पहिला करार केला तेव्हा तो ३०,२५० झाला. "आणि वर?" वर, मेजर लीगमध्ये, २०२५ चा किमान आकडा ७ लाख ६० हजार. मामा काही बोलले नाहीत. एवढ्या दोन आकड्यांच्या मधे उभं राहून स्लायडर सोडायचा असतो.

शनिवार, ॲलनटाउन

रेडिंगहून तासाभराच्या आत ॲलनटाउन. मामांना आधी शेजारचं बेथलेहेम दाखवलं. पोलाद कारखान्याच्या भट्ट्या तशाच उभ्या आहेत, गंजलेल्या, आभाळाला टेकलेल्या. १९९५ मध्ये त्या विझल्या. लालबागच्या धुराड्यांखाली ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्या माणसाला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "कामगारांचं काय झालं?" ॲलनटाउनच्या संघाचं नाव आयर्नपिग्ज आहे ते ह्या भट्ट्यांमधल्या लोखंडावरूनच.

ट्रिपल-एची हवा वेगळी. पोरं कमी, पुरुष जास्त. एकोणतिशीचे, तिशीचे, दाढीत पांढरा केस दिसणारे. काही वर जाऊन परत आलेले, काही केव्हाही फोन येईल म्हणून बॅग भरून ठेवलेले. मला इथे नेहमी थोडं गुदमरल्यासारखं होतं, आणि तरी इथेच मी सगळ्यांत जास्त शिकतो. पिचर मिक एबलचंच घ्या. २०२० च्या ड्राफ्टमध्ये पंधरावा आला होता. २०२४ मध्ये इथे त्याची इतकी दैना झाली की लोकांनी नाव सोडून दिलं. १८ मे २०२५ ला तो फिलीजकडून पहिला सामना खेळला: सहा इनिंग, नऊ स्ट्राइकआउट, एकही धाव नाही. अडीच महिन्यांनी त्याला मिनेसोटाला देऊन टाकलं, बदल्यात एक क्लोजर, म्हणजे सामन्याच्या शेवटी टाकणारा पिचर, घेतला. आणि अँड्र्यू पेंटर. सहा फूट सात इंच, २०२१ चा तेरावा. एकोणिसाव्या वर्षी एका उन्हाळ्यात तीन पायऱ्या चढून रेडिंगला पोचला. २०२३ मध्ये कोपराचं अस्थिबंध गेलं, शस्त्रक्रिया झाली, दोन हंगाम बुडाले. २०२५ मध्ये इथे परतला तेव्हा वेग होता, पण चेंडू हवा तिथे पडत नव्हता. सावकाश, दर पाचव्या-सहाव्या दिवशी, तो तसाच टाकत राहिला.

मामांचं लक्ष मात्र अंपायरकडे. इथे बॅटरला, कॅचरला किंवा पिचरला स्ट्राइकचा निर्णय पटला नाही, तर तो लगेच डोक्याला हात लावतो आणि कॅमेऱ्यांनी टिपलेला चेंडूचा मार्ग मोठ्या फलकावर दिसतो. मायनर लीगमध्ये घासूनपुसून पाहिल्यावर २०२६ पासून ही पद्धत मेजर लीगमध्येही घेतली. पिचरला ठरल्या वेळात चेंडू टाकायला लावणारं घड्याळही असंच आधी इथे आणि २०२३ मध्ये वर. पहिल्यांदा बॅटरनं डोक्याला हात लावला तेव्हा मामा अवघडून बसले, भर मैदानात आपल्यालाच कुणी खोटं पाडतंय अशासारखे. फलकावर चेंडू झोनच्या कोपऱ्याला केसभर चाटून गेलेला दिसला. अंपायर बरोबर होता. मामा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. आसपासच्या चार-पाच जणांनीही वाजवल्या. "आयुष्यात पहिल्यांदा," खाली बसत ते म्हणाले, "अंपायर बरोबर होता हे सगळ्यांनी पाहिलं."

रात्री जेवताना शिवलकरांचा विषय निघाला. पद्माकर शिवलकर, प्रथमश्रेणीत ५८९ बळी, भारताकडून एकही कसोटी नाही. मग अमोल मुझुमदार. पहिल्याच रणजी सामन्यात २६०, पुढे अकरा हजारांवर धावा, आणि तोही नाहीच. "ट्रिपल-ए म्हणजे हेच ना?" मामा म्हणाले. "मी पॅडी शिवलकरला टाकताना पाहिलंय. दुसऱ्या टोकाला उभा होतो. मी भारताचा सामना पाहत नव्हतो, पण त्याहून कमी काही पाहत होतो असं मला एकदाही वाटलं नाही."

मग ताटातला भात कालवता कालवता म्हणाले, "उद्या फिलाडेल्फियाला नको. त्या पोराकडे जाऊ."

तिकिटं काढून झाली होती. ती मी ऑफिसातल्या मित्राला देऊन टाकली.

रविवार, पुन्हा रेडिंग

रविवारचा सामना लवकर असतो. आम्ही त्याच्याही दोन तास आधी पोचलो, कारण मामांना सराव बघायचा होता. ऊन चांगलंच तापलं होतं. पिंजऱ्यात पोरगा होता आणि त्याच्यामागे जाळीला टेकून बॅटिंगचा प्रशिक्षक. यंत्र स्लायडर फेकत होतं. पोरगा बॅट खांद्यावर धरून नुसता उभा. चेंडू आला, घसरला, गेला. त्यानं काहीतरी ओरडून सांगितलं, प्रशिक्षकानं मान हलवली. पुढचा चेंडू. पुन्हा ओरडला. चौथ्या-पाचव्या चेंडूला माझ्या लक्षात आलं, तो 'बॉल' की 'स्ट्राइक' ते सांगत होता. वीस-पंचवीस चेंडू त्यानं एकदाही बॅट फिरवली नाही. मामांनी माझा दंड घट्ट धरला होता.

पहिल्या पाळीत त्यानं दुसराच चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला. ६-३. दुसऱ्या पाळीत पहिला स्लायडर आला, खाली, बाहेर. बॅट सुरू झाली, मनगट वळायला लागलं, आणि थांबलं. बॉल. मामांनी हिरवी पेन्सिल उचलून एक ठिपका काढला आणि त्याला गोल केला. दोन चेंडूंनंतर आणखी एक सोडला. मग दोन स्ट्राइक झाल्यावर एक चेंडू बाहेर पडणार असं वाटून त्यानं तोही सोडला, आणि तो सरळ झोनच्या कडेवर येऊन बसला. बघत बाद. उलटा के. मागे कुणीतरी हताश होऊन हात झटकले. मामा उलटा के काढताना पुटपुटत होते, "चालेल. चुकीचा सोडला, पण सोडला. शुक्रवारी हा सोडायलाच तयार नव्हता."

तिसरी पाळी लांबली. त्यात दोन स्लायडर आले, दोन्ही पोरानं शांतपणे जाऊ दिले, पाय जागचे न हलवता. तीन बॉल, एक स्ट्राइक. आता पिचरला सरळ चेंडू टाकणं भाग होतं, आणि त्यानं टाकला. पोरानं तो बॅटच्या मध्यावर घेतला. चेंडू उंच गेला, सेंटर फील्डर मागे मागे जात भिंतीपाशी टेकला आणि त्यानं हात वर केला. बाद. ८. पोरगा फर्स्ट बेसपाशी पोचला होता. डगआउटमध्ये परतताना प्रशिक्षकानं त्याच्या छातीवर मूठ टेकवली आणि पोरगा शुक्रवारनंतर पहिल्यांदा हसला.

नवव्या इनिंगला तो पुढच्या पाळीसाठी हेल्मेट घालून उभा असतानाच समोरचा बॅटर बाद झाला आणि सामना संपला. तीन पाळ्या, शून्य हिट. रात्री मोबाइलवर बघणाऱ्याला एवढंच दिसणार होतं. मामांच्या वहीत गोल केलेले चार हिरवे ठिपके होते.

सामन्यानंतर खेळाडू कुंपणाशी येऊन सह्या देतात. मामा वही घेऊन उभे राहिले. पोरगा आला, पेन मागितलं. मामांनी त्याला पान उघडून दिलं आणि एकेका ठिपक्यावर बोट ठेवलं. पोराला आधी कळेना. मग त्यानं स्वतःच मोजलं: उनो, दोस, त्रेस, क्वात्रो. मामांकडे बघितलं, पुन्हा पानाकडे. सही त्यानं नावाच्या चौकोनात केली नाही. चौथ्या ठिपक्याच्या शेजारी केली, बारीक अक्षरात.

परतीच्या वाटेवर मामा झोपले. मांडीवर वही तशीच.

ऑगस्टच्या शेवटी ते दादरला परत गेले. रेडिंगचा सामना सुरू होतो तेव्हा तिकडे पहाटेचे सव्वाचार-साडेचार वाजलेले असतात. मामींचं म्हणणं आहे की मामा अलार्म न लावता उठतात, चहाचं आधण ठेवतात, नातवानं लावून दिलेलं प्रक्षेपण उघडतात आणि वही घेऊन बसतात. साडेसहाच्या सुमारास, इकडे मी रात्रीची भांडी आवरत असताना, फोन वाजतो. तब्येत, हवापाणी काही नाही. पहिलं वाक्य हेच असतं:

"अरे, दुसऱ्या पाळीतला तो पाचवा चेंडू पाहिलास का? मी सोडला म्हणून लिहिलाय. बॅट थांबली होती ना?"